आहेरात आलेल्या सात मशिनी

भंतेजी जेवून निघाले. त्यांची मोटारसायकल बायपासला लागेपर्यंत सगळे हात जोडून फाटकात उभे राहिले, आणि मग रत्नपालच्या नव्या घरातला खरा कार्यक्रम सुरू झाला. आहेर उघडायचा.

पाहुणे घरात असताना आहेर उघडू नये, असं रत्नपालच्या बायकोचं, संध्याचं म्हणणं होतं. पण मुलगा सुरजची बायको मिना पडली हौशी सून. सहा महिन्यांचं बाळ नणंदेच्या, करुणाच्या मांडीवर टाकून ती सतरंजीवर बसली आणि तिने पहिल्या खोक्यावरचा चमकीचा कागद टरकावला. आत भाकरी करायची विजेची मशीन होती. दोन मिनिटांत टम्म भाकरी देणारी, करुणाने चार महिन्यांपूर्वी आपल्या चॅनलवर सांगितलेली.

"अरे वा," मिना म्हणाली. "प्रेमदासभाऊंकडून."

दुसरा कागद सोडला. त्यातही तीच निघाली. तिसऱ्यातही तीच. चौथं खोकं उघडताना मिनाचा हात जरा थांबला. सहाव्यापर्यंत येता येता खोलीत एवढी शांतता झाली, की मागच्या अंगणात चुलीवर बसलेल्या मनकर्णाआत्याचं भाकरी थापणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

करुणाला आधी अभिमानच वाटला. तिने एक वस्तू सांगावी आणि सगळ्या गोतावळ्याने तीच उचलून आणावी, याहून मोठी पावती कोणती? डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट बघता बघता तिने दोन वर्षांपूर्वी 'करुणाची निवड' नावाचं चॅनल काढलं होतं. स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल ती बोलायची, खाली लिंक द्यायची, आणि त्या लिंकवरून कुणी वस्तू मागवली की कंपनी तिला थोडं कमिशन द्यायची. वस्तू हातात असलीच पाहिजे असं कुणी म्हटलं नव्हतं. कंपनी मजकूर पाठवायची, फोटो पाठवायची. करुणा ओढणी सारखी करून खिडकीपाशी बसायची आणि तो मजकूर आपल्या गोड आवाजात स्वतःचा करून टाकायची. आजही चार वाजता उजेड चांगला असताना तिला एक व्हिडिओ करायचा होता. तो सर्दी झालेल्या बाळाला वाफ द्यायच्या यंत्राचा होता. हा व्हिडिओ पाचच्या आत गेला, तर कंपनी वर्षभराचा करार करणार होती. रत्नपालने ही बातमी आपल्या एसटी डेपोतल्या झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती.

पण अभिमान फार वेळ टिकला नाही. पहिल्याच खोक्याची चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसत होती. आतल्या मशिनीच्या बिजागरीत ज्वारीचं पीठ वाळून बसलं होतं.

"प्रेमदासकाका," तिने विचारलं, "ही वापरलेली हाय का?"

प्रेमदास हा रत्नपालचा चुलतभाऊ. तो एकदम छताचा रंग बघू लागला. "एकदाच वापरली, माय. मशीन एक नंबर हाय. आमच्याकडं लाईटच कमी दाबाची, तिची काय चूक?"

"आमच्या ज्वारीचा दोष हाय," त्याच्या बायकोने भर घातली. "रेशनची ज्वारी चिकट येऊन राहिली."

"माझा तर हातच गरम," पलीकडून कुणी म्हणालं. "आमच्या घरात न्हाई चालली, तुमच्यात चालंल. करुणाला सगळं जमतं."

सेनगावचे तातेराव, संध्याचे थोरले भाऊ, एवढा वेळ पान लावत बसले होते. ते हसू लागले, आणि एकदा हसू लागले की तातेमामांचं पोट आधी हसायचं. "म्हणजे असं झालं," ते म्हणाले. "ज्याला त्याला वाटलं, आपलीच मशीन खराब निघाली. लेकीला कसं सांगावं? म्हणून प्रत्येकानं गुपचूप कागद गुंडाळला आन् आणून टाकली तिच्याच दारात. संध्या, तिसरं खोकं माझं हाय बरं का. आधीच सांगून ठेवतो."

हसण्याचा धबधबा झाला. करुणाही हसली, पण कानशिलं तापली होती. चार महिने सहा घरांनी मूग गिळले होते. तिच्यावर राग म्हणून नव्हे, लाड म्हणून. वर फोनवर "लई भारी मशीन" असंही सांगितलं होतं, आणि तिने ते आनंदाने पुढच्या व्हिडिओत वापरलंही होतं.

"सातवी माझ्यापाशी हाय," दाराशी बसलेल्या जनकाबाई म्हणाल्या, आणि हसणं थांबलं.

जनकाबाई म्हणजे रत्नपालची थोरली बहीण, नरसीची जनकाआत्या. सोयरीक जुळवण्यात तिचा शब्द पंचक्रोशीत चालायचा. आजवर बेचाळीस लग्नं तिने जुळवली होती आणि त्यातलं एकही मोडलं नव्हतं. स्थळ सांगून आलं, की ही बाई सण नसलेल्या आडव्या दिवशी न कळवता त्या घरी जायची, मुक्काम करायची, माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायची, आणि घरातली सून सगळ्यांच्या शेवटी काय जेवते ते बघायची. मुलाचा पगार ती कधी विचारत नसे. सुनेचं ताट बघितल्याशिवाय मात्र ती हो म्हणत नसे.

तिने कापडी पिशवीतून मशीन काढून सतरंजीवर ठेवली. तिला कागद नव्हता की चमकी नव्हती. वरचं झाकण घासून घासून पांढरं पडलं होतं.

"मी आहेर म्हणून न्हाई आणली," ती म्हणाली. "महिनाभर रोज वापरली. मला न्हाई जमली. म्हणलं तुलाच विचारावं, करुणा. तू करून दाखव बरं एक भाकर."

"आत्ता?"

"आत्ताच. मनकर्णा पहाटपासून चुलीम्होरं बसून हाय. तिलाबी उठता येईल."

नाही म्हणायला जागाच नव्हती. करुणाने बाळ आईकडे दिलं, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि मशीन भिंतीजवळ नेऊन वायर लावली. मनकर्णाआत्याच्या परातीतून पिठाचा गोळा आला. सगळं गोत गोल करून बसलं. करुणाने मशीन उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली, उचलून खालून बघितली.

"काय शोधून राहिलीस?" संध्याने विचारलं.

"बटन."

मग तातेमामांनी हळूच, जवळजवळ मायेने सांगितलं, "भाची, हिला बटनच न्हाई. वायर लावली की आपोआप तापते."

ज्यांच्या घरी मशीन होती त्या सगळ्यांना हे माहीत होतं. ती सांगणाऱ्या करुणालाच तेवढं माहीत नव्हतं.

तिने गोळा ठेवून झाकण दाबलं. फसकन वाफ निघाली, पिठाची एक जीभ बाजूने बाहेर आली. झाकण उघडलं तेव्हा अर्धी भाकर वर चिकटली होती आणि अर्धी खाली. लगेच पाच बायका पुढे सरकल्या.

"उलथनं नको लावू, ओरखडे पडतेत."

"आधी पाणी शिंपड."

"पाणी नको, सुकू दे. मग नखानं निघतं."

चिकटलेली भाकर खरवडण्यात ही सगळी घरं चार महिन्यांत पारंगत झाली होती. कंपनीने हे शिक्षण फुकट दिलं होतं.

संध्या मात्र हसत नव्हती. ती अंगणवाडीत शिकवायची, आणि लेकरू खोटं बोललं की तिला त्याच्या मानेवरून कळायचं. करुणाची मान तशी झाली होती. "तू ही मशीन कधी हातात धरली होतीस?"

"न्हाई, आई."

"मग व्हिडिओत ती टम्म फुगलेली भाकर कुठून आली?"

करुणाने आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि मग खाली. कंपनीच्या फोटोत भाकर नव्हती, नुसती मशीन होती. हरीशसर, तो पुण्याचा कंपनीचा माणूस, म्हणाला होता, एखादी छान भाकरी असेल तर जवळून दाखवा, बाकी आम्ही जोडून घेऊ. तेव्हा चुलीवरून नुकतीच उतरलेली एक भाकर करुणाने टोपलीतून उचलली होती. एकच. त्यात एवढं काय, असं तेव्हा वाटलं होतं.

"माझी होती ती," मागच्या दारातून आवाज आला.

मनकर्णाआत्या हातावरचं पीठ झटकत उभी होती. जनकाबाईची धाकटी बहीण. बत्तीस वर्षांपूर्वी सासरहून परत आली ती भावाच्याच घरी राहिली. करुणाला न्हाऊ-माखू घालून वाढवलं ते तिनेच. ती फार बोलत नसे, आणि चारचौघांत उजवा हात नेहमी पदराखाली ठेवी.

"तुला ठाऊक होतं?" करुणाने विचारलं.

"सुरजनं दावला होता की मोबाइलवर. माझी भाकर मला वळखू येणार न्हाई का?"

"आम्हीबी वळखली होती," प्रेमदासची बायको म्हणाली. "काठावरची ती खूण बघूनच तर घेतली मशीन. म्हणलं, मनकर्णाबाईनं पास केलेली दिसती. तिच्यासारखी भाकर कुठं कुणाला जमती?"

मनकर्णाच्या भाकरीला काठावर एक बारीक खळी पडायची. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरापासून वाकडं होतं, सरळ होत नसे, आणि थापताना तेवढ्या जागी पीठ दबायचं. नात्यात कुणाच्याही लग्नात टोपलीभर भाकऱ्यांतून तिची भाकर लोक त्या खळीवरून शोधून काढायचे. बोट कशाने वाकडं झालं हे मात्र कुणी विचारत नसे. 'त्या घरात' झालं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

करुणाला तेव्हा कुठे उमगलं, की या सहा घरांनी तिच्या गोड आवाजावर मशीन घेतलीच नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लपवायला ती मशीन पुसत बसली.

"चल जरा मागं," जनकाबाई तिला म्हणाली.

चुलीतली लाकडं विझत आली होती. तिघी अंगणात बसल्या. जनकाआत्या आता चांगली फैलावर घेणार, असं करुणाला वाटलं. पण म्हातारी बराच वेळ राखच सारत राहिली.

"बेचाळीस लग्नं जुळवली, असं लोकं म्हणतेत," अखेर ती म्हणाली. "त्रेचाळीस हायेत. पहिलं मी मोजत न्हाई."

मनकर्णाने वर बघितलं नाही.

"मला एकानं सांगितलं, घर चांगलं हाय. त्यालाबी दुसऱ्या कुणी सांगितलं असंल. मी म्हणलं, इतकी माणसं सांगून राहिलेत तर बराबरच असंल. आपल्याला कुठं तिकडं जायला टाइम हाय? कापणीचे दिवस होते. मी बापाला म्हणलं, मी बघून आले, घर चांगलं हाय." तिचा आवाज फाटला आणि तिने तो खाकरून जोडला. "मी बघून आले न्हवते. ह्या मनीला मी न बघितलेल्या घरात घातलं."

करुणाने पंचवीस वर्षांत ही गोष्ट ऐकली नव्हती. ती मुक्कामाची रीत, ते माठातलं पाणी, ते सुनेचं ताट, हे सगळं जनकाआत्याच्या हुशारीतून आलं असेल असंच ती समजत होती. तिचे डोळे भरले. मनकर्णाआत्या आता काय म्हणेल याची तिला भीती वाटली.

मनकर्णाने चिमट्याने एक निखारा उलटा केला. "अक्का," ती म्हणाली, "तुला निदान कमिशन तरी भेटलं न्हवतं."

जनकाबाईला हसू फुटलं, रडू फुटलं, आणि दोन्ही एकदम आवरेनात म्हणून तिने तोंडाला पदर लावला. मनकर्णा धाकट्या बहिणीच्या हक्काने तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली. बत्तीस वर्षांत दोघींत या विषयावर बोलणं झालं ते एवढंच.

तेवढ्यात मिना आली. तिने बाळाला नवं झबलं घातलं होतं, गालाला तीट लावली होती, केस पाणी लावून चापून बसवले होते. "चला ताई, चार वाजले. उजेड जाईल. माझ्या आईलाबी मी फोन करून सांगितलं, व्हिडिओ आल्या आल्या ते वाफेचं यंत्र मागव म्हणून. ह्याला रात्रभर सर्दी असती. करुणाताई म्हणून राहिल्या म्हणल्यावर बघायचं काम न्हाई."

करुणाने बाळ घेतलं. मजकूर तिला पाठ होता. 'माझ्या घरच्या चिमुकल्याला मी हेच वापरते, अगदी निर्धास्त.' चिमुकला तिच्या ओढणीचं टोक तोंडात कोंबत होता. ते यंत्र अजून कुणी बघितलंही नव्हतं. वाफ किती गरम येते, कुठून येते, थांबवायला बटन आहे की तेही नाही, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं.

तिने हरीशसरांना फोन लावला.

"सर, ते यंत्र आधी इकडं पाठवता का? वापरून बघते, मग बोलते."

"मॅडम, असं कुणीच करत नाही हो," हरीशसर समजुतीने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे अशा चाळीस मॅडम होत्या. "तुम्ही फक्त बाळाला घेऊन बोला, यंत्राचा फोटो आम्ही व्हिडिओत जोडतो. वापरून बघत बसलात तर महिन्याला एकच व्हिडिओ होईल."

"मग एकच होईल."

"यंत्र चांगलं आहे, मॅडम."

"असंल की. मला ठाऊक न्हाई, एवढंच म्हणून राहिले. आमच्या वहिनी ह्याच लेकरासाठी ते मागवणार हायेत."

"पाचपर्यंत नाही आला तर करार दुसऱ्या चॅनलला जाईल. मग मला काही करता येणार नाही."

"जाऊ द्या," करुणा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला खूप वाईट वाटलं. कराराची बातमी तिने मैत्रिणींना सांगितली होती. भरतीचं काही खरं नसताना तो एकच भरवसा होता. उद्या डेपोत बाबांना लोक विचारतील, आणि बाबा काहीतरी थातूरमातूर सांगतील, हे तर तिला आत्ताच दिसत होतं.

रत्नपाल दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो तोंडाने फटकळ, मनाने लोणी. "त्या झाडूवाल्याला मी सांगतो," तो म्हणाला. "बिनचाचणीची गाडी डेपोतून सोडत न्हाईत, तसंच झालं म्हणून. त्याला बराबर कळंल."

मिनाचा चेहरा पडला होता. "मग ताई, यंत्र मागवू का नको?"

"डॉक्टरला विचारू उद्या. मी येते संग."

"आन् ह्याचं झबलं? वायाच गेलं का?"

"वाया काहून जाईल?" करुणा उठली. "व्हिडिओ करायचाच हाय. दुसरा."

आहेरातल्या सहाही मशिनी अंगणात ओळीने मांडल्या गेल्या. तातेमामांनी त्या उंचीप्रमाणे लावायचा प्रयत्न केला, पण सगळ्या सारख्याच उंचीच्या होत्या. जनकाबाईने आपली घासलेली मशीन ओळीत न ठेवता पिशवीत परत घातली. "हिला आणखी आठ रोज बघते," ती म्हणाली. "गव्हाच्या पोळीला चालती का ते बघितलं न्हाई अजून. मशिनीवरबी अन्याय नको." प्रेमदासची बायको कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून दाराआड गेली आणि मग दिसावं म्हणून साडी बदलून आली.

करुणा खिडकीपाशी बसली नाही. चुलीजवळ, जमिनीवर बसली. सुरजने मोबाइल धरला. कंपनीचे फोटोही नव्हते आणि मजकूरही नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा तिला सुरुवातच सुचेना.

"जय भीम," ती अखेर म्हणाली. "चार महिन्यांमागं मी तुम्हाला भाकरीची मशीन सांगितली होती. ती मी वापरली न्हवती. हातातसुद्धा धरली न्हवती. तिला बटन न्हाई, हे मला आज कळलं." मागे कुणीतरी फसकन हसलं. "त्या व्हिडिओत जी भाकर दाखवली, ती मशिनीची न्हवती. ती माझ्या आत्याच्या हातची होती. ज्यांनी ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून मशीन घेतली, त्यांची मी माफी मागते. तुमचा हात खराब न्हवता, ज्वारी खराब न्हवती आन् लाईटबी कमी न्हवती. सांगणारी खोटी होती."

पुढचं तिला बोलता येईना. सुरजने मोबाइल खाली घेऊ का म्हणून खूण केली. तिने मानेनेच नाही म्हटलं, पण शब्द काही येईनात.

मनकर्णाने शेवटचा गोळा हातात घेतला. ती परात ओढून करुणाच्या बाजूला बसली आणि थापायला लागली. पीठ तिच्या तळव्याखाली गोल फिरत मोठं होत गेलं. भाकर तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, निखाऱ्यासमोर उभी राहिली आणि टम्म फुगली. काठावर खळी होती. मनकर्णाने ती कॅमेऱ्यासमोर धरली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने भाकर टोपलीत ठेवली आणि हात पदराखाली नेता नेता थांबवला. पदर मागे सारून तिने उजवा हात पुढे केला, वाकड्या बोटासकट, अगदी मोबाइलच्या जवळ.

"सुरज," ती म्हणाली, "बोट बराबर दिसून राहिलं का बघ. न्हाईतर लोकं पुन्हा मशीनच घेतील."